कंदिलाच्या झिरमिळ्या मागून येतात

दिवाळीच्या आधीचे दहा दिवस आमच्या शहरातल्या एका मॉलमध्ये आपल्या देशात बनलेल्या अॅनिमेशनचं प्रदर्शन भरलं होतं. मध्ये दोन मजले उंच आकाशकंदील आणि त्याच्याभोवती मुलांच्या लाडक्या पात्रांचे फायबरचे पुतळे. सरकत्या जिन्याखालच्या कोपऱ्यात मी बसले होते, माझा जुना लाइट बॉक्स, म्हणजे वर काच आणि आत दिवा असलेली पेटी, आणि कागदांचा गठ्ठा घेऊन. चित्रं हलती कशी होतात ते मुलांना दाखवायचं, एवढं माझं काम. मी 1989 साली एका स्टुडिओत इनबिट्वीनर म्हणून लागले. म्हणजे मोठे कलाकार मुख्य चित्रं काढायचे आणि त्यांच्या मधली चित्रं मी भरायचे. पुढची बावीस वर्षं तेच केलं. मागच्या अंकात या प्रदर्शनाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी दुसरे प्रश्न बाजूला ठेवले आहेत.

ताई, माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिच्या आवडत्या पात्राच्या पुतळ्यापाशी ती बराच वेळ उभी राहिली आणि मग हिरमुसली. ‘हा हलत का नाही?’ एवढंच विचारत राहिली. तुमच्या कोपऱ्यात गर्दी होती, म्हणून पुढे येता आलं नाही. चित्र हलताना तिला घरी दाखवता येईल का? मला स्वतःला चित्रकला अजिबात येत नाही. — एक आई

तुमच्या मुलीने प्रदर्शनातला सगळ्यात चांगला प्रश्न विचारला. तिला माझ्यातर्फे शाबासकी द्या आणि स्टिकी नोट्सचा एक जाडसा पॅड आणून द्या. सोबत पेन्सिल आणि खोडरबर. चित्रकला येण्याची गरज नाही, आकाशकंदील काढता आला की झालं. एक चौकोन आणि खाली चार रेघा.

सुरुवात पॅडच्या शेवटच्या पानापासून करायची. तिथे काढलेलं चित्र वरच्या पानातून पुसट दिसतं, त्यामुळे पुढचं चित्र त्याच्या अंदाजाने काढता येतं. स्टुडिओत याच कामासाठी आमच्याकडे काचेखाली दिवा असलेलं टेबल असायचं. प्रत्येक पानावर वर एक ठिपका द्या, अगदी त्याच जागी. तो खिळा. त्या खिळ्याला दोरी, दोरीला कंदील. पहिल्या चित्रात कंदील डावीकडे झुकलेला आणि बाराव्या चित्रात उजवीकडे. मधली दहा चित्रं तिची.

आता खरी गंमत. ही दहा चित्रं सारख्या अंतरावर काढलीत तर कंदील यंत्रासारखा सरकेल. दारातला कंदील तिला नीट बघायला लावा. टोकाला गेला की तो रेंगाळतो, मध्ये आला की झपकन जातो. म्हणून दोन्ही टोकांपाशी चित्रं दाटीने काढायची आणि मध्ये लांब लांब. चित्रांमधलं हे अंतर जमलं की वजन दिसायला लागतं. कागदावरच्या रेघेला वजन आलेलं मुलं पहिल्यांदा बघतात, तेव्हा त्यांचा चेहरा पाहत राहावा असा होतो.

त्यानंतर झिरमिळ्या. कंदील उजवीकडे निघाला तरी झिरमिळ्या अजून डावीकडेच ओढलेल्या असतात. कंदील उजव्या टोकाला थांबतो, झिरमिळ्या मात्र त्याला ओलांडून पुढे जातात. तो परत फिरतो तेव्हा त्यांना ते उशिरा कळतं. माझ्या पहिल्या वर्षी मी एका बाईच्या पदराची चित्रं भरत होते आणि पदर पुठ्ठ्यासारखा दिसत होता. आमच्या वरिष्ठांनी माझे कागद घेतले, खिडकीशी नेलं आणि समोरच्या गॅलरीत वाळत घातलेलं धोतर दहा मिनिटं बघायला लावलं. ‘मागून येणारं मागूनच येऊ दे,’ एवढंच बोलले. केस, शेपटी, पदर, कुत्र्याचे कान, सगळ्यांना हाच नियम.

बारा चित्रं झाली की अंगठ्याने पानं मागून पुढे सोडायची. बारा पानं साधारण सेकंदाभरात संपतात. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी जातात, पण हाताने काढताना बहुतेक वेळा एकच चित्र दोन चौकटींना वापरतात, म्हणजे सेकंदाला बाराच चित्रं लागतात. तेव्हा तुमच्या मुलीने एका सेकंदाचं खरं अॅनिमेशन केलेलं असेल. तिला हेही सांगा की अकरा मिनिटांचा एक भाग या हिशेबाने काढायचा तर 7,920 चित्रं होतात, आणि तीही पडद्यावर एकच पात्र असेल तर.

ताई, माझं वय 74. नातवाबरोबर प्रदर्शनाला आलो होतो. तिथल्या माहितीफलकांवर सगळी सुरुवात 2000 सालानंतर दाखवली होती. आमच्या लहानपणी आणि तरुणपणी आपल्याकडे कार्टून बनतच नव्हतं का? मला तर दूरदर्शनवरची चिमण्यांची फिल्म आठवते. — एक आजोबा

आजोबा, तुमची आठवण पक्की आहे. ते फलक वाचून मलाही वाईट वाटलं होतं. ती फिल्म म्हणजे ‘एक अनेक और एकता’. 1974 साली फिल्म्स डिव्हिजनने केलेली. त्यामागे होत्या विजया मुळे, ज्यांना सगळे अक्का म्हणत. दिग्दर्शन भीमसेन यांचं आणि संगीत आपल्या वसंत देसाईंचं. सात मिनिटांच्या आसपासची फिल्म, पण पन्नास वर्षं झाली तरी लोकांना तोंडपाठ आहे.

पण सुरुवात त्याच्याही फार आधीची आहे, आणि ती बरीचशी आपल्या मातीतली आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी 1892 साली ‘शांबरिक खरोलिका’ नावाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, समोर पडदा. काचा झरझर बदलून पडद्यावरची पात्रं हलती करायची. लुमिएर बंधूंची चित्रं मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली ती 7 जुलै 1896 ला. म्हणजे सिनेमा बोटीतून उतरण्याच्या चार वर्षं आधी इथली माणसं रंगवलेली चित्रं हलवून दाखवत होती. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीची चित्रकथी तर त्याहूनही जुनी. एकेक चित्र समोर धरून गात गात कथा सांगायची. स्टोरीबोर्ड म्हणजे काय, हे मी विद्यार्थ्यांना चित्रकथीची पोथी दाखवूनच समजावते. चित्रांचा क्रम लावून गोष्ट सांगणं हे आपल्याला कुणी बाहेरून येऊन शिकवलेलं नाही.

मग दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 चा. त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याची वाढ रोज थोडी थोडी कॅमेऱ्यात घेतली. पडद्यावर मिनिटाभरात अंकुर फुटून वेल वर चढताना पाहून पैसे घालणाऱ्यांना सिनेमाची ताकद पटली. 1915 च्या सुमारास त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काडी थोडी सरकवायची, एक चौकट घ्यायची, पुन्हा सरकवायची. आज तिची प्रत उरलेली नाही. मला कुणी एक इच्छा विचारली तर मी ती दोन-चार मिनिटं बघायला मागेन.

1934 साली कोलकात्यात न्यू थिएटर्सतर्फे गुणमय बॅनर्जींची ‘द पी ब्रदर्स’ आली, आणि त्याच वर्षी पुण्यात प्रभातने ‘जंबूकाका’ केली. पायाभरणी म्हणावी अशी गोष्ट घडली 1956 मध्ये. फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला आणि शिकवायला डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स आले. त्यांचा जन्म भारतातलाच, मिशनरी आईवडिलांच्या पोटी. त्यांच्या हाताखाली जी तरुण मुलं शिकली त्यांत राम मोहन होते. जातककथेवरची ‘द बनियन डिअर’ ही 1957 ची फिल्म याच विभागाची. राम मोहन पुढे 2019 पर्यंत या क्षेत्रात सगळ्यांचे गुरू म्हणूनच वावरले. 2014 साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या पिढीतला कुठलाही अॅनिमेटर घ्या, त्याचा धागा त्यांच्यापर्यंत किंवा त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्यापर्यंत जातो.

नातवाला घेऊन मुंबईला जमलं तर पेडर रोडवरचं राष्ट्रीय भारतीय चित्रपट संग्रहालय जरूर बघा. 2019 मध्ये सुरू झालंय.

‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा’ आपलं म्हणायचं की जपानी? आमच्या सोसायटीत यावरून वाद झाला. — एक वाचक

दोघांचं. कल्पना आणि ध्यास जपानच्या युगो साको यांचा. दिग्दर्शनात त्यांच्यासोबत कोइची सासाकी आणि आपले राम मोहन. पात्रांची पोशाखपद्धत, दागिने, चालणं-बसणं, हातांच्या मुद्रा यांवर भारतीय कलाकारांची नजर होती, आणि चित्रांचा मोठा भार जपानी स्टुडिओने उचलला. जानेवारी 2025 मध्ये तो आपल्या चित्रपटगृहांत पुन्हा लागला तेव्हा मी पहिल्याच आठवड्यात जाऊन आले. वाद मिटवायचा असेल तर सोसायटीच्या गच्चीवर सगळ्यांनी मिळून बघा.

नमस्कार ताई. आमचं तालुक्याचं गाव. इथे एक छोटं शॉपिंग सेंटर आहे, त्याची व्यवस्था मी बघतो. नाताळच्या सुट्टीत देशी अॅनिमेशनचं असंच प्रदर्शन भरवायचा विचार आहे, पण पुतळ्यांचं भाडं आणि पात्रांच्या परवानगीचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. पुतळ्यांशिवाय लोक येतील का? आणि दाखवायचं काय? — एक व्यवस्थापक

दादा, तुमच्या पत्राचं उत्तर लिहायला मी एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवली होती. हा प्रश्न कुणीतरी विचारावा असं मला फार दिवस वाटत होतं.

लोक येतील. मी दहा दिवस त्या जिन्याखाली बसून पाहिलं आहे. पुतळ्यापाशी मूल जितका वेळ थांबतं तो आईवडिलांना फोटो काढायला लागतो तेवढाच. लाइट बॉक्सपाशी आलेलं मूल ओढून न्यावं लागतं. एक मुलगा रोज संध्याकाळी यायचा. त्याची आई त्याच मॉलमध्ये सफाईचं काम करायची. तिची पाळी संपेपर्यंत तो माझ्याशेजारी स्टुलावर बसून चेंडू काढायचा. आठव्या दिवशी त्याचा चेंडू जमिनीला लागताना चपटा झाला आणि वर उडताना लांबट. हे मी त्याला शिकवलं नव्हतं, त्याने माझ्या कागदांत पाहिलं होतं. खाली एक मोठा कंपनीचा पुतळा होता, त्याच्याकडे तो एकदाही गेला नाही.

तेव्हा सगळ्यात आधी एक लांब टेबल मांडा. गावातला सुतार तुम्हाला लाइट बॉक्स करून देईल. लाकडी चौकट, वर दुधी अॅक्रिलिकचा पत्रा, खाली एलईडीची पट्टी. असे चार करा. कागद हलू नये म्हणून स्टुडिओत पेग बार वापरतात, खुंट्या असलेली पट्टी. कागदाला त्याच मापाची भोकं असतात, त्यामुळे शंभर कागद एकावर एक ठेवले तरी सगळे एकाच जागी बसतात. तुम्ही ऑफिसातलं साधं दोन भोकांचं पंचिंग मशीन घ्या आणि लाकडात त्या अंतरावर दोन खुंट्या ठोका. काम होतं. मी स्वतः एका शाळेत हे केलं आहे.

दुसरं, झोएट्रोप. गोल डबा, कडेला उभ्या चिरा आणि आत चित्रांची पट्टी. डबा फिरवला आणि चिरांतून पाहिलं की चित्र पळायला लागतं. ही युक्ती 1834 सालची, विल्यम हॉर्नर यांची. जुन्या रेकॉर्ड प्लेयरची तबकडी किंवा कुंभाराचं चाक मिळालं तर त्यावर मोठा डबा बसवा. आतली पट्टी मुलांनी स्वतः काढून लावायची. रांग लागेल, तेव्हा पट्ट्या आधीच कापून ठेवा.

भिंतीवर एका सेकंदाची चोवीस चित्रं लावा. एकच हात दिवा लावताना, किंवा एक मांजर उडी मारताना. ओळीने, डोळ्यांच्या उंचीवर, आणि ती उंची मुलांच्या डोळ्यांची. मोठ्यांना वाकू द्या. त्यांच्याखाली डोप शीटचा एक मोठा कागद. डोप शीट म्हणजे कुठल्या चौकटीला कुठलं चित्र, कुठला संवाद, तोंडाचा आकार कुठला, याचा तक्ता. संवादाचे आवाज आधी ध्वनिमुद्रित होतात आणि तोंडं नंतर त्यांच्यावर काढतात, हे बऱ्याच मोठ्या माणसांनाही माहीत नसतं. ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना ओठ मिटलेच पाहिजेत, नाहीतर बघणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटत राहतं. एक आरसा टांगा आणि खाली लिहा, ‘बाबा, मामा, पापा म्हणून बघा’. पोरं अर्धा तास हलणार नाहीत.

आता पात्रांचं. परवानगी नसेल तर टीव्हीवरचं पात्र वापरू नका, फलकावरही नाही आणि मुलांना वाटायच्या मुखवट्यांवरही नाही. ती कुणाची तरी मेहनत आहे, आणि कॉपीराइटचा कायदा तिला संरक्षण देतो. सगळ्यांना माहीत असलेल्या लोककथा मात्र कुणा एकाच्या नसतात. चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. गावातल्या चित्रकलेच्या शिक्षकांना चिमणी काढायला सांगा आणि तिच्या मधली चित्रं प्रदर्शनाला आलेल्या मुलांकडून भरून घ्या. एकेका मुलाने एक कागद. शेवटच्या दिवशी सगळे कागद मोबाइलने एकाखाली एक टिपायचे. मोबाइल स्टँडवर घट्ट, उजेड न बदलणारा. चित्रं जोडून देणारी साधी अॅप्स फुकट मिळतात. मग ती फिल्म पडद्यावर दाखवा. रेघ थरथरेल, चिमणी कधी जाड होईल कधी बारीक. होऊ द्या. तीनशे मुलं आपापला कागद शोधायला येतील आणि घरच्यांनाही घेऊन येतील.

शेवटची विनंती, आणि ही माझ्यासाठी करा. फिल्म संपल्यावर प्रत्येक मुलाचं नाव पडद्यावर येऊ द्या. तीनशे असली तरी तीनशे. आमच्या मॉलमधल्या प्रदर्शनात पात्रांची नावं फुटाफुटाच्या अक्षरांत होती आणि ती काढणाऱ्या एकाही माणसाचं नाव कुठे नव्हतं. मी आयोजकांना म्हटलं, तर ते म्हणाले, लोकांना त्यात काय रस असणार? मला ते पटलं नाही. मुलं मला रोज विचारत होती, ‘हे कुणी काढलं?’

तारीख ठरली की कळवा. लाइट बॉक्स घेऊन मी सगळे दिवस येईन. मानधन नको, राहायची सोय पुरे.

मी बारावीत आहे. अॅनिमेशन शिकायचं म्हटलं तर घरचे म्हणतात, आता सगळं कॉम्प्युटरच करतो. प्रदर्शनातल्या एका स्टॉलवरही एक जण म्हणाला की हाताने चित्रं काढणं संपलं. मग मी रोज स्केचिंग करते ते वाया जातंय का? — एक विद्यार्थिनी

वाया जात नाहीये. त्रिमितीत पात्र आधी मातीसारखं घडवतात, मग त्याच्या आत सांगाडा बसवतात, त्याला रिगिंग म्हणतात. त्यानंतर त्याला हलवायचं काम माणूसच करतो, आणि त्या माणसाला कंदिलाच्या झिरमिळ्या मागून येतात हे माहीत असावं लागतं. दोन मुख्य स्थितींच्या मधल्या जागा कॉम्प्युटर भरतो, मी भरायचे तशाच. पण तो त्या सारख्या अंतरावर भरतो. कुठे रेंगाळायचं आणि कुठे झपकन जायचं हे ठरवणारी नजर तुला तयार करायची आहे, आणि ती रोजच्या स्केचिंगने तयार होते. बसस्टॉपवर बस. ओझं घेऊन चालणारी माणसं काढ. चेहरे नकोत, पाठीची रेघ आणि वजन कुठल्या पायावर आहे एवढंच. प्रत्येकाला वीस सेकंद.

घरच्यांना हे सांग की अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आणि मुंबईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन विभागात अॅनिमेशन रीतसर शिकवलं जातं. प्रवेश अवघड आहे आणि तयारीला वर्ष द्यावं लागतं. भरमसाट फी घेऊन सहा महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या क्लासमध्ये पैसे भरण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांचं काम बघायला माग. दाखवायला टाळाटाळ झाली तर परत ये. आणि खोटं सांगणार नाही, कामाचे तास लांब असतात, सुरुवातीचा पगार कमी असतो, डोळे आणि मनगट दोन्ही जपावी लागतात. माझा उजवा अंगठा आजही थंडीत आखडतो. तरी मला हेच काम पुन्हा निवडायला आवडेल.

प्रदर्शनात भीम, हनुमान, कृष्ण, गणपती. आपल्याकडे देवादिकांशिवाय दुसरं काही बनत नाही का? शिक्षिका म्हणून मुलांना काय दाखवू? — एक शिक्षिका

बाई, यामागे पैशांचं गणित आहे. ऑक्टोबर 2005 मध्ये व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ चित्रपटगृहात चालला आणि संपूर्ण भारतीय अॅनिमेशनपट लोक तिकीट काढून बघतात हे सिद्ध झालं. पैसे घालणाऱ्यांना ओळखीचं नाव सुरक्षित वाटलं आणि सगळे त्याच वाटेने गेले. 2008 मध्ये हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा ‘छोटा भीम’ आला. नाव महाभारतातलं असलं तरी गोष्टी ढोलकपूरच्या आहेत. मुलं त्यात स्वतःला बघतात म्हणून तो टिकला, असं माझं मत आहे. देवांच्या गोष्टींबद्दल माझी तक्रार नाही, मी स्वतः कितीतरी मुकुट काढले आहेत. पण एकाच विहिरीवर सगळ्या गावाने पाणी भरलं की गाळ वर येतो.

तुम्ही वर्गात मीनापासून सुरुवात करा. शाळेत जायला मिळावं म्हणून हट्ट धरणारी मुलगी आणि तिचा मिठू पोपट. युनिसेफसाठी नव्वदच्या दशकात केलेली ही मालिका, आणि मीनाचं रूप राम मोहन यांनी घडवलेलं. नेपाळपासून बांगलादेशापर्यंत सगळीकडच्या मुलींना ती आपली वाटावी म्हणून तिच्या कपड्यांचा फार विचार केला गेला होता. थोड्या मोठ्या मुलांना ‘दिल्ली सफारी’. पुण्याच्या क्रेयॉन पिक्चर्सचं काम, जंगल तोडलं म्हणून संसदेत गाऱ्हाणं मांडायला निघालेले प्राणी. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आणि नववी-दहावीच्या मुलांना गीतांजली राव यांची 2006 ची ‘प्रिंटेड रेनबो’ दाखवता आली तर माझी फार मोठी इच्छा पुरी होईल. एकटी राहणारी म्हातारी, तिची मांजर आणि काडेपेट्यांचा संग्रह. काडेपेटीवरच्या चित्रात शिरली की तिचं राखाडी जग रंगीत होतं. ही फिल्म कानच्या महोत्सवात, समीक्षक सप्ताहात दाखवली गेली. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला फाळक्यांच्या आगकाड्या आठवल्या होत्या आणि मी थिएटरात रडले होते. त्यांनीच पुढे 2019 मध्ये ‘बॉम्बे रोझ’ केला, एकेक चौकट रंगवून.

ताई, तुम्ही मला ओळखत नाही. 1987 ते 1996 मी मुंबईतल्या एका स्टुडिओत रंगकामाला होते. आम्ही नऊ बायका होतो. नातीने हट्ट केला म्हणून ते प्रदर्शन बघायला गेले. तुमचा लाइट बॉक्स लांबून दिसला, पण पुढे यायचा धीर झाला नाही. आमच्या कामाला कुणी अॅनिमेशन म्हणत नसे, आमची नावंही कधी पडद्यावर आली नाहीत. नात विचारत होती, आजी, तू काय करायचीस? मला तिला नीट सांगता आलं नाही. — एक आजी

ताई, तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. नातीला सांगा, आजी सेल रंगवायची.

सेल म्हणजे पारदर्शक पत्रा. त्याच्या पुढच्या बाजूला शाईची रेघ आणि मागच्या बाजूने रंग, म्हणजे पुढून रेघ स्वच्छ राहते. हातात सुती मोजे, कारण बोटाचा एक ठसा उमटला तरी तो कॅमेऱ्याखाली पडद्याएवढा दिसतो. रंग घासायचा नाही, थेंब ठेवून रेघेपर्यंत ढकलत न्यायचा, नाहीतर ब्रशचे फराटे दिसतात आणि चित्र धावायला लागलं की रंग उकळल्यासारखा दिसतो. आणि सगळ्यात अवघड ते थरांचं. चार-चार सेल एकावर एक ठेवले की खालच्या थरातला रंग मळकट दिसतो. म्हणून तेच पात्र खालच्या थरात असेल तेव्हा त्याचा लाल एक छटा फिका कालवायचा आणि वर आलं की नेहमीचा. पडद्यावर दोन्ही लाल एकच दिसले पाहिजेत. आमच्या स्टुडिओतल्या बायका ही छटा नुसत्या नजरेने धरायच्या. बरण्यांवर आकडे लिहिलेले असायचे, पण त्या आकड्यांकडे बघताना मी त्यांना क्वचितच पाहिलं. माझी पेन्सिलची रेघ कितीही चांगली असली तरी पडद्यावर कुणी ती पाहिलीच नाही. लोकांनी पाहिला तो तुमचा रंग.

तुमच्याकडे एखादा जुना सेल, ब्रश, बरणी, काहीही राहिलं असेल तर जपून ठेवा. सेल कागदात गुंडाळू नका, चिकटतो. सपाट ठेवा, उन्हापासून लांब.

आणि वर तालुक्याच्या गावातल्या दादांचं पत्र आहे, ते वाचा. नाताळच्या सुट्टीत मी तिथे जाते आहे. त्यांना मी आजच कळवलं आहे की लाइट बॉक्सपाशी दोन खुर्च्या लागतील आणि टेबलावर दोघींच्या नावाच्या पाट्या. पारदर्शक पत्रे मी आणते. ब्रश तुमचे तुम्ही आणा, दुसऱ्याच्या ब्रशने हात बसत नाही. नातीला बरोबर घ्या, चिमणीचा पहिला सेल तिच्यासमोर रंगवू.